बटणापाशी कोण उभं राहणार?

"मॅडम, मेहुण्याला भागीदार घेऊ की मित्राला?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याने विचारलं.

धंदा सुरू करू पाहणारी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक याच गाठीत अडकलेली. पैसा घरातल्या माणसाकडे असतो, कसब मित्राकडे, आणि दोघांपैकी कुणालाही नाही म्हणायला जीभ उचलत नाही. त्याची हकिगत त्याच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं घेत नाही.

तो सोलापूरचा, वय 29, मंडप डेकोरेशनच्या कामात दहा वर्षं मुरलेला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर जो गड्डा, म्हणजे जत्रा भरते, तिथले आकाशपाळणे बघत लहानाचा मोठा झालेला. त्याला तिथेच लोकांना घाबरवणारा स्वतःचा भूतबंगला उभा करायचा होता. बरोबर दोनशे पानी वही होती. तिच्यात वळणावळणाच्या वाटेचा नकाशा, आणि प्रत्येक वळणावर काय घडणार ते बारीक अक्षरात. तिसऱ्या वळणापाशी लिहिलं होतं : "इथे भूत नाही. ओला कापूस दोऱ्याने लोंबकळत ठेवायचा. दिसत नाही, फक्त गालाला लागतो." वाचताना माझ्या अंगावर शहारा आला. या माणसाला आपलं काम कळतं, हे मला तिथेच पटलं.

पैशाचं पान मात्र अर्धवट होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं बांधकाम साहित्याचं दुकान. तो 8 लाख घालायला तयार होता, निम्म्या हिश्श्यावर. "मी पैसे टाकतो, बाकी तू बघ," इतकंच बोलणं झालेलं. मित्र लाइट-साउंडचं काम करणारा. त्याच्याकडे पैसा नाही, पण जनरेटर स्वतःचा, आणि रात्री दोन वाजता हाक मारली तरी येणारा. त्याच्याशी हिश्श्याचं काहीच बोलणं नव्हतं. "तो माझाच आहे हो, त्याच्याशी काय ठरवायचं?" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. ज्याच्याशी काही ठरवलेलं नसतं, त्याच्याच मनात सगळ्यात जास्त साठत जातं.

दुसऱ्या भेटीला मी त्याच्या बायकोला बोलावलं. ती बराच वेळ पदराशी चाळा करत गप्प बसली होती. मग म्हणाली, "धंदा बुडला तर बुडू दे, परत कमवू. पण या दोघांचं वाजलं तर भाऊबीजेला मी कुठल्या तोंडाने जाऊ?" तो तिच्याकडे बघतच राहिला. हे तिने घरी कधी बोलूनच दाखवलं नव्हतं. भागीदारीच्या कागदावर सही दोघांची होते, पण नात्यातल्या भागीदारीत तिसरंही कुणी ओढलं जातं, आणि त्या माणसाला कुणी विचारत नाही.

त्या दिवशी मी त्याला एकच प्रश्न घरी न्यायला दिला. आत पूर्ण अंधार आहे, भोंगे किंचाळताहेत, आणि एखादी बाई चक्कर येऊन पडली किंवा लहान मूल घाबरून ओरडायला लागलं. सगळे दिवे एकदम लावायचं बटण कुठे आहे, आणि त्यापाशी कोण उभं आहे?

त्याने भूत कोण होणार ते ठरवलं होतं, गल्ल्यावर कोण बसणार तेही. बटणाचा माणूस वहीत नव्हता.

हा प्रश्न मला उगाच सुचला नव्हता. तो पहिल्यांदा येऊन गेल्यावर मी या धंद्याबद्दल वाचलं होतं. 11 मे 1984 ला अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका मनोरंजन उद्यानात, ट्रेलर एकमेकांना जोडून केलेल्या भूतवाड्याला आग लागली आणि आठ मुलं आत अडकून दगावली. आतला फोम भराभर पेटला होता. आज तिथल्या अग्निसुरक्षा संहितेत अशा जागांसाठी अट आहे की आगीची सूचना मिळताच बाहेर पडायची वाट उजळली पाहिजे आणि गोंधळात टाकणारे आवाज थांबले पाहिजेत. आपल्याकडे मे 2024 मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्यांनी आग लागली. पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यांत मुलंही होती, आणि गुन्ह्यात भागीदारांची नावं आली. काळं कापड, प्लायवूड, थर्माकोल, बंद वाट : त्याच्या वहीतही हेच सामान होतं.

तिसऱ्या भेटीला तो मेहुण्याला आणि मित्राला घेऊन आला. बटणाच्या प्रश्नावर मेहुणा लगेच म्हणाला, "मी दुकान सोडून पंधरा दिवस मैदानात कसा उभा राहू?" मित्र काही बोलला नाही. त्याने वही ओढून घेतली, पाचव्या वळणापाशी फुली मारली आणि म्हणाला, "मेन स्विच इथे. इथून दोन्ही दारं हाताशी येतात. दिव्यांची लाइन वेगळी ठेवू, जनरेटर बंद पडला तरी बॅटरीवर लागली पाहिजे."

मला वाटलं आता ठरलंच. पण मेहुण्याचा चेहरा पडला. आपल्याला बाजूला काढताहेत, असं त्याला वाटलं. ते साहजिक होतं. पैसे द्यायला पुढे आलेला तोच होता.

तेव्हा मी कायद्याची गोष्ट काढली. सल्ला वकिलाचा आणि सीएचाच घ्यावा, पण काही गोष्टी माणसाला आधी माहीत हव्यात. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे करारात वेगळं ठरवलेलं नसेल तर नफा आणि तोटा सारखाच वाटला जातो, भांडवल कुणी किती घातलं हे बघितलं जात नाही. राबणाऱ्या भागीदाराला राबण्याचा पगारही मिळत नाही. आणि देणी अंगावर आली तर प्रत्येक भागीदार एकटासुद्धा पूर्ण रकमेला जबाबदार असतो.

"म्हणजे माझे आठ लाख गेले की विषय संपला, असं नाही?"

"नाही. तुमचं दुकानही त्यात ओढलं जाऊ शकतं."

मेहुण्याने पाणी मागितलं. मग त्यानेच विचारलं, पैसे उसने म्हणून दिले तर? त्यावर त्यांचं तासभर बोलणं झालं. मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणजे 2008 च्या कायद्यातली एलएलपी, तीही चर्चेत आली; एका यात्रेच्या धंद्याला तेवढा खटाटोप नको असं तिघांचं मत पडलं. मी त्यात पडले नाही.

शेवटी 8 ऐवजी 5 लाख लेखी कर्ज, व्याजासकट, हप्ते ठरवून. मित्र भागीदार, 40 टक्क्यांचा, आणि यात्रेच्या दिवसांत दोघांनाही रोजची ठरावीक रक्कम. भागीदारीची नोंदणी करायची हेही लिहिलं, कारण नोंदणी नसेल तर भागीदाराला करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. दोघांपैकी एकाला बाहेर पडायचं असेल तर सामानाची किंमत कोण ठरवणार, या कलमावर दोन्ही मित्र इतके भांडले की मला आवाज चढवावा लागला. ते भांडण माझ्या टेबलावर झालं याचं मला फार बरं वाटलं.

कापडाला आगरोधक द्रावण, दोन बाहेर पडायच्या वाटा, अग्निशमन दलाची परवानगी, यात तीन कमी केलेल्या लाखांची उणीव चांगलीच जाणवली. नकाशातली दोन वळणं गाळावी लागली. ओल्या कापसाचं मात्र टिकलं.

पंधरा दिवस तुडुंब गर्दी, असा त्याचा हिशेब होता. खरी गर्दी झाली चार दिवस. कर्जाचा पहिला हप्ता पूर्ण फिटला, दुसरा थकला आहे. थकल्याचं त्याने मेहुण्याला स्वतः फोन करून सांगितलं, तारीख उलटायच्या आधी.

भाऊबीजेला ती माहेरी गेली होती.