जुन्या फ्लॅटमध्ये लपवलेला दोष निघाला तर विकणारा जबाबदार असतो का?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट आधीच्या मालकाकडून घेतला, पहिल्याच पावसात बेडरूमच्या छताची पुट्टी फुगून पडली आणि आत जुने डाग व गंजलेली सळई दिसली. करारात मात्र 'जसा आहे तसा ताब्यात घेतला' असं वाक्य आहे.

विकणाऱ्याला जबाबदार धरता येतं, पण नुसता दोष दाखवून भागत नाही. तो त्याला माहीत होता हे दाखवावं लागतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. तो न सांगणं म्हणजे कपट, असं त्याच कलमाच्या शेवटी आहे. गाडी अडते ती 'साधारण काळजी'वर. छतावर डाग दिसत असताना तुम्ही विचारलं नसेल, तर दोष लपलेला नव्हता असंच म्हटलं जाईल. डागावर ताजी पुट्टी फासली असेल तर बाजू तुमची, आणि मग 'जसा आहे तसा' या वाक्याचा आधारही डळमळीत होतो.

म्हणून आधी काही दुरुस्त करू नका. सगळं फोडून वॉटरप्रूफिंग करायचं आणि मग नोटीस पाठवायची, ही नेहमीची चूक. पुरावा डेब्रिसबरोबर निघून जातो. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या आणि 'दोष किती जुना?' हा प्रश्न त्याला स्पष्ट विचारा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग दाखवणारं रसायन मारलं की शाबूत भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे क्षारता गमावलेला, भाग रंगहीन राहतो. हे कार्बोनेशन मुरायला वर्षं लागतात. रंगहीन थर सळईच्या पलीकडे गेला असेल आणि गंजाचे पापुद्रे सुटत असतील, तर हा एका पावसाचा प्रताप नाही. डाग, त्यावर पुट्टी, त्यावर पुन्हा डाग असे थर असतील तर मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा.

एवढ्यानं दोषाचं वय कळतं, विकणाऱ्याला तो माहीत होता हे नाही. ते सोसायटीच्या दप्तरात सापडतं: गळतीचे तक्रारअर्ज, इतिवृत्तं, गच्चीच्या दुरुस्तीची वर्गणी. महाराष्ट्रात सहकारी संस्था अधिनियमानुसार सभासदाला इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहता येतात. आधीच्या मालकाचे अर्ज दाखवायला मात्र सोसायटी काचकूच करू शकते. सभासदत्व अजून तुमच्या नावावर झालं नसेल तर ते आधी उरका. मधल्या एजंटशी झालेले व्हॉट्सॲप संदेशही जपून ठेवा.

पाणी येतं कुठून हेही पाहा, कारण खर्च कदाचित विकणाऱ्याचा नसेलच. पावसाळ्यापुरतीच आणि गच्चीतून येणारी गळती असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) ते काम सोसायटीचं. वरच्या घराच्या बाथरूममधून येत असेल तर त्या घरमालकाचं. चाचणी कोरड्या दिवसांत करा: नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जाण्याचं तोंड) बंद करून वरच्या बाथरूममध्ये दोनेक इंच रंगीत पाणी 24 ते 48 तास साठवा आणि खाली पाहत राहा.

इमारत नवी असेल तर बिल्डरही सुटत नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर संपदा कायदा, 2016 च्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत दोष कळवला, तर बिल्डरनं 30 दिवसांत तो विनामूल्य दूर करायचा असतो, नाहीतर भरपाई. रीसेलमध्ये घेणाऱ्यालाही हे लागू होतं, कारण 'अलॉटी'च्या (ज्याला फ्लॅट दिला तो) व्याख्येत नंतर विकत घेणारा येतो. स्वतःचं घर विकणाऱ्या माणसाविरुद्ध मात्र ना रेरा, ना ग्राहक आयोग. तिथे दिवाणी दावाच.

कपट असेल तर दावा लावायची 3 वर्षांची मुदत ते कळल्यापासून धरतात. व्यवहार रद्द करून घेणं अवघड असतं, त्यातून तुम्ही तिथेच राहत राहिलात आणि बदल केलेत की आणखी अवघड. दुरुस्तीचा खर्च मागणं मला जास्त व्यवहार्य वाटतं.

वकिलामार्फत स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. दोष कळल्याची तारीख, अहवालाची प्रत आणि खर्चाचा अंदाज त्यात असू द्या, आणि 15 दिवसांत येऊन पाहणी करा असं लेखी बोलावणंही. तो आला नाही तर मुदत संपल्यावर काम सुरू करा. फोडताना इंजिनिअरला हजर ठेवा, सळईचा एक तुकडा तारखेसह जपा आणि बिलं पक्की घ्या.