नांगर टाकलेली जहाजं आणि बिलातली ती ओळ

जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी जवळपास ३ टक्के जहाजं सोडतात, असं गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तळेगावपासून दौंडपर्यंत पत्रं आली. त्यातले पाच प्रश्न आज घेतो.

किहीमला गेलो की समुद्रात जहाजं नांगर टाकून उभी दिसतात. नुसती उभी राहूनही ती धूर सोडतात का? (सहकारनगर)

सोडतात, पण थोडा. मुख्य इंजिन बहुधा बंद असतं. दिवे, पंप, एसी यांच्यासाठी जनरेटर चालू असतो. खरा धूर त्याआधीच निघून गेलेला असतो, कारण हे जहाज इथवर धावत आलेलं असतं! कोळसा, तेल, धान्य नेणाऱ्या जहाजांच्या करारात एक जुनी मेख आहे. जहाज पोचलं, कप्तानानं ‘माल घ्यायला-द्यायला तयार’ अशी नोटीस दिली की घड्याळ सुरू होतं. ठरलेली मुदत उलटली की मालवाला डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई, भरतो. मग धक्का रिकामा असो वा नसो, कप्तान आधी पोचायला बघतो. मीही इंजिन रूममध्ये असताना जीव तोडून इंजिन पळवलंय आणि मग आठवडाभर नांगरावर पत्ते कुटलेत.

इंजिनाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनानुसार वाढते. वेग १० टक्के कमी केला तर ताकद २७ टक्के कमी लागते. प्रवास लांबतो, तरी त्याच अंतराला सुमारे १९ टक्के इंधन वाचतं. नवं इंजिन नको, नवं इंधन नको. करारातली दोन वाक्यं बदलली आणि धक्का कधी रिकामा होणार हे बंदरानं वेळेत कळवलं, तरी भागतं. परिषदांमध्ये मात्र हायड्रोजनच गाजतो.

मी जर्मनीला सुटे भाग पाठवतो. फ्रेटच्या बिलात ‘ईटीएस सरचार्ज’ अशी ओळ येते. हा टाळता येतो का? (चाकण)

टाळता येत नाही, पण तपासता येतो. युरोपीय संघानं जानेवारी २०२४ पासून मोठ्या जहाजांच्या कार्बनवर पैसे लावले, ती ही ईटीएस, म्हणजे उत्सर्जन व्यापार व्यवस्था. २०२४ च्या उत्सर्जनाचा ४० टक्के, २०२५ चा ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण हिस्सा मोजायचा. न्हावा शेवाहून हॅम्बुर्गला जाणाऱ्या फेरीचा निम्माच कार्बन धरतात, कारण एक टोक युरोपबाहेर आहे. एक टन इंधन जाळलं की ३.१ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. कार्बनचा भाव टनाला ७० युरो धरला, तर निम्म्या कार्बनच्या हिशेबानं टनभर इंधनामागे साधारण १०८ युरो पडतात. लाल समुद्र टाळून जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं, तर इंधन वाढतं आणि त्यासोबत ही रक्कमही.

काही जण मध्येच इजिप्तमध्ये माल दुसऱ्या जहाजावर चढवून फेरी ‘तोडायची’ युक्ती सुचवतात, म्हणजे तिथून पुढचा छोटा टप्पाच मोजला जाईल. ती वाट बंद आहे. पोर्ट सईद आणि मोरोक्कोचं टँजर मेड ही बंदरं कंटेनर-बदलीसाठी थांबा म्हणून धरली जात नाहीत. फॉरवर्डरकडून, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटाकडून, दोन-तीन जहाज कंपन्यांचा सरचार्ज मागवा, आकडे सारखे नसतात.

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवलं, बिल उतरलं. जहाजावर का नाही? (कोथरूड)

४०० मीटर लांब, ६० मीटर रुंद जहाज सगळं पॅनेलनं झाकलं तरी भर दुपारी जेमतेम ५ मेगावॉट मिळतील. इंजिन ५०-६० मेगावॉटचं! शिवाय वर कंटेनर रचलेले. बॅटरी फेरीबोटींना उत्तम, कोचीची वॉटर मेट्रो बघा.

मुलगा मरीन इंजिनिअरिंगला आहे. पुढे अमोनियावर जहाजं चालणार म्हणतात. धोका किती? (तळेगाव दाभाडे)

ताई, काळजी रास्त आहे. अमोनियात कार्बन नाही, म्हणून त्याचं आकर्षण. पण तो विषारी आहे. बर्फाच्या कारखान्यात गळती झाली की काय होतं ते आपण पेपरात वाचतो. दुसरीकडे, खतासाठी अमोनिया जहाजांतून कित्येक दशकं वाहून नेला जातोय, म्हणजे हाताळणी ठाऊक आहे. नवं आहे ते त्याला इंजिन रूममध्ये आणणं. शिवाय जळताना नायट्रस ऑक्साइड सुटला, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. मुलाला वायू आणि कमी तापमानालाच पेट घेऊ शकणाऱ्या इंधनांच्या सुरक्षेचा, म्हणजे आयजीएफ संहितेचा कोर्स करायला सांगा. मिथेनॉलची जहाजं आजच चालू आहेत, नोकरी आधी तिथे मिळेल. तेही निरुपद्रवी नाही: दिवसा त्याची ज्योत दिसत नाही.

आमच्या उसाच्या इथेनॉलवर जहाज चालेल का? (दौंड)

इंजिनाला चालेल, युरोपच्या नियमांना चालणार नाही. खाद्यपिकापासून केलेलं इंधन तिथे खनिज तेलासारखंच मोजतात. चिपाडापासून केलं तर मान्य. पण प्रमाण पाहा: देशात पेट्रोलमध्ये मिसळायला वर्षाला सुमारे हजार कोटी लिटर इथेनॉल लागतं. ते सगळं जहाजांना दिलं, तरी जगातल्या जहाजांची दोन टक्केही भूक भागणार नाही.

आणि महागडं इंधन घेणार कोण? जगभर जहाजांच्या कार्बनला दर लावायचा आराखडा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झाला, भारतानंही बाजूनं मत दिलं. ऑक्टोबरमध्ये अंतिम निर्णय ५७ विरुद्ध ४९ मतांनी वर्षभर पुढे ढकलला गेला. तो दर ठरेपर्यंत चिपाडं बॉयलरलाच घाला.