चेहरा कुणाला दाखवायचा, आणि किती वेळ?

चेहरा झाकणाऱ्या धार्मिक पोशाखावर सरकारनं बंधन आणावं का, या एकाच विषयावर यंदा इतकी पत्रं आली की मृत्युपत्रांचे आणि भाडेकरारांचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. अठ्ठावीस वर्षं दिवाणी न्यायालयात वकिली केली, त्यातून जे मत झालं ते सांगते. पटलं नाही तर जरूर लिहा. तशी पत्रं मी आधी वाचते.

प्रश्न : कुणाच्याही धर्माशी माझं वैर नाही. पण समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नसेल तर त्याच्याशी वागायचं कसं? फ्रान्सनं सरसकट बंदी घातली आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ती उचलून धरली. मग बाकीच्या सरकारांनी कचरायचं कशाला?
– एक निवृत्त मुख्याध्यापक

उत्तर : सर, न्यायालयानं बंदी उचलून धरली हे खरं. पण कोणत्या मुद्द्यावर, ते बघितलंत तर बंदीवाल्यांना त्या निकालाचा फारसा अभिमान वाटू नये.

फ्रान्सचा कायदा ऑक्टोबर २०१० मध्ये झाला आणि ११ एप्रिल २०११ पासून लागू झाला. सार्वजनिक जागी चेहरा झाकला तर १५० युरोपर्यंत दंड. तो लागू झाला त्याच दिवशी एका तरुणीनं स्ट्रासबर्गच्या याच मानवी हक्क न्यायालयात अर्ज केला. निकालात तिचं नाव नाही, फक्त एस.ए.एस. ही आद्याक्षरं आहेत. तिनं म्हटलं होतं की मला नवऱ्यानं किंवा घरच्यांनी सक्ती केलेली नाही, मी रोज उठून नकाब घालतेच असंही नाही, आणि विमानतळावर किंवा बँकेत ओळख पटवायची असेल तर चेहरा उघडायला माझी हरकत नाही. तिचं हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

निकाल लागला १ जुलै २०१४ रोजी. सुरक्षेचा मुद्दा न्यायालयानं मानला नाही. ओळख पटवायची असेल तिथे चेहरा दाखवायला सांगता येतं, तेवढ्यासाठी रस्त्यावरची बंदी कशाला? स्त्री-पुरुष समानतेचा मुद्दाही मानला नाही. जो पोशाख बाई स्वतःचा हक्क म्हणून मागते आहे, तो तिच्याच समानतेचं नाव सांगून हिसकावता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. उरलं काय, तर ‘एकत्र नांदणं’. माणसांनी एकमेकांचे चेहरे पाहावेत, त्याशिवाय समाज नांदत नाही, असं फ्रान्सला वाटत असेल तर ते ठरवायची मोकळीक त्या देशाला आहे, एवढ्या एका आधारावर १५ विरुद्ध २ मतांनी कायदा वाचला. विरोधातल्या दोघी न्यायाधीशांनी लिहिलं की सार्वजनिक जागी समोरच्याच्या मनाविरुद्ध त्याच्याशी संपर्क साधण्याचा हक्क कुणालाच नसतो. माझं मत त्या दोघींच्या बाजूला. आणखी एक. फ्रान्सच्या कौन्सिल ऑफ स्टेटनं, म्हणजे सरकारला कायद्याचा सल्ला देणाऱ्या त्यांच्याच सर्वोच्च संस्थेनं, मार्च २०१० मध्येच बजावलं होतं की सरसकट बंदीला पक्का कायदेशीर पाया सापडत नाही. आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं दंड झालेल्या दोन महिलांच्या तक्रारींवर फ्रान्सला दोषी धरलं. म्हणजे एकाच कायद्यावर दोन व्यासपीठांवरून दोन उलट निष्कर्ष आले.

आता आकडे बघा. कायदा करायच्या आधी फ्रान्स सरकारचाच अंदाज होता की पूर्ण चेहरा झाकणाऱ्या महिला देशात साधारण १९०० असतील. स्वित्झर्लंडमध्ये ७ मार्च २०२१ रोजी सार्वमत झालं, ५१.२ टक्के लोकांनी बंदी राज्यघटनेत घालायला कौल दिला, आणि १ जानेवारी २०२५ पासून हजार फ्रँकपर्यंतचा दंड लागू झाला. ल्युसर्न विद्यापीठाच्या अभ्यासात त्या अख्ख्या देशात नकाब घालणाऱ्या महिला निघाल्या होत्या दोन-तीन डझन. एवढ्यांसाठी राज्यघटनेत कलम! त्या बायकांना घटनेची पानं दाखवली असती तर त्याच चकित झाल्या असत्या.

सुरक्षेचं भय मात्र मी हसण्यावारी नेत नाही. जून २०१५ मध्ये चाड देशात आत्मघाती हल्ले झाले, सरकारनं लगोलग चेहरा झाकायला बंदी केली, आणि पुढच्याच महिन्यात राजधानीच्या बाजारात बाईच्या वेशात, बुरख्याआडून आलेल्या पुरुषानं स्फोट घडवला. म्हणजे बुरख्याआड कुणी लपतच नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. पण बंदी असतानाच तो आला, हेही त्याच घटनेत आहे. श्रीलंकेत २०१९ च्या ईस्टर हल्ल्यांनंतर आणीबाणीच्या नियमांखाली चेहरा झाकणं बंद केलं. तिथले चर्च-हॉटेलांतले हल्लेखोर पाठीवर पिशव्या लावून, उघड्या चेहऱ्यानं आत शिरताना कॅमेऱ्यात दिसले होते. याला आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात.

प्रश्न : बुरखा, नकाब, हिजाब यांत फरक काय? बातम्यांत सगळं एकच करून टाकतात.

उत्तर : हिजाब केस आणि मान झाकतो, चेहरा उघडा. नकाबात डोळे तेवढे दिसतात. बुरख्यात डोळ्यांवरही जाळी. बोलताना आपण नकाबालाही बुरखाच म्हणतो, ते चालतं. कायद्यावर बोलताना चालत नाही, कारण ओळखीचा प्रश्न फक्त शेवटच्या दोघांचा आहे. कर्नाटकातल्या ज्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं ऑक्टोबर २०२२ मध्ये एकमत झालं नाही, ते हिजाबाचं होतं. त्यात चेहरा झाकलेलाच नव्हता.

प्रश्न : मग साथीच्या काळात मास्क कसा चालला?

उत्तर : चालला नुसता नाही, सक्तीचा झाला. फ्रान्समध्ये २०२० साली प्रवासात तोंड-नाक झाकलं नाही म्हणून १३५ युरो दंड, आणि धर्माच्या कापडानं झाकलं तर २०१० चा कायदा आहेच. कायद्यात आरोग्याच्या कारणाला सूट आहे, त्यामुळे कागदोपत्री विसंगती नाही. पण चेहरा दिसल्याशिवाय समाज नांदत नाही हा मुद्दा त्या वर्षी कुठे गेला होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ऑस्ट्रियाची गंमत तर ऐकाच. तिथे ऑक्टोबर २०१७ पासून चेहरा झाकायला बंदी आली. धर्माचं नाव घेतलं की भेदभावाचा आरोप होणार, म्हणून कायदा सगळ्यांसाठी एकसारखा लिहिला. थोड्याच दिवसांत व्हिएन्नात एका दुकानाची जाहिरात करणारा माणूस शार्क माशाच्या वेशात उभा होता, त्याला पोलिसांनी मुंडकं काढायला सांगितलं. तो म्हणाला, मी माझं काम करतोय. त्याला १५० युरो दंड झाला.

प्रश्न : ताई, तुम्ही स्वातंत्र्याच्या गप्पा मारता. माझ्या बालमैत्रिणीला लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यापासून नकाब घालायला लावला. ती शाळेत नाटकात काम करायची, टाळ्या घ्यायची. आता रस्त्यात भेटली तर आधी तिनंच हाक मारावी लागते, मला ती ओळखूच येत नाही. बंदी असती तर निदान तिच्या सासरच्यांना सांगता आलं असतं की सरकार परवानगी देत नाही. तुमच्या तत्त्वांचा तिला काय उपयोग?
– नाव छापू नये

उत्तर : तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं. बंदीच्या बाजूनं जे काही मी ऐकलंय, त्यात हेच सगळ्यात वजनदार आहे. ‘सरकार परवानगी देत नाही’ ही सबब काही घरांत खरोखर उपयोगी पडत असेल, मी नाकारत नाही.

पण सबब कुणाला सांगायची? ज्यानं सक्ती केली त्यालाच. तो ऐकणारा असता तर तुमच्या मैत्रिणीचं साधं ‘नको’ही त्यानं ऐकलं असतं. ऐकणारा नसेल तर तो म्हणेल, बाहेर उघड्या चेहऱ्यानं जावं लागतं ना, मग बाहेर जाऊच नकोस. इराणमध्ये रझा शाहनं ८ जानेवारी १९३६ रोजी पडद्यावर बंदी घातली, पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या चादरी ओढल्या, आणि कितीतरी बायकांनी उंबरठा ओलांडणंच सोडलं. पुढे त्याच देशात क्रांतीनंतर डोकं झाकायची सक्ती आली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पोशाखाच्या पोलिसांनी धरलेली महसा अमिनी कोठडीत असताना मरण पावली. अफगाणिस्तानात मे २०२२ मध्ये तालिबाननं चेहरा झाकायचं फर्मान काढलं, आणि बाई ऐकत नसेल तर शिक्षा घरच्या पुरुषाला ठेवली. काढायला लावणारं सरकार असो की घालायला लावणारं, बाईला विचारत कुणीच नाही.

फ्रान्सच्या त्याच कायद्यात एक दुसरा भाग आहे, त्याची चर्चा फार होत नाही. चेहरा झाकायची सक्ती करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ३०,००० युरोपर्यंत दंड. सक्ती अल्पवयीन मुलीवर असेल तर दोन्ही दुप्पट. हे कलम मला हवं आहे. ते सक्ती करणाऱ्याला धरतं, दंडाची पावती तुमच्या मैत्रिणीच्या हातात देत नाही. त्यातली अडचणही सांगते : तक्रार तिनं करायची, आणि रात्री त्याच घरात झोपायचं. म्हणून असल्या कलमाच्या जोडीला राहायची जागा, थोडे पैसे आणि विश्वासाचं माणूस लागतं. यातलं विश्वासाचं माणूस तुम्ही आहात. तिनं हाक मारायची वाट बघू नका, घरी जा. कायद्याचं काही बोलू नका. नाटकाचं बोला.

प्रश्न : मी नुकतीच सनद घेतली आहे. साक्षीदार नकाबात आली तर उलटतपासणीत चेहरा उघडायचा आग्रह धरावा का? हावभाव बघितल्याशिवाय खरं-खोटं कळणार कसं?

उत्तर : हाच प्रश्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१२ मध्ये आला होता. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या महिलेनं नकाबातच साक्ष द्यायची परवानगी मागितली होती. नकाब कायम चालेल असंही नाही आणि कधीच चालणार नाही असंही नाही, प्रत्येक खटल्यात तोलून बघा, असं बहुमतानं ठरलं.

मला मात्र माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. वकिलीच्या नवव्या-दहाव्या वर्षी एका मृत्युपत्राच्या दाव्यात सही होताना हजर असलेली साक्षीदार नकाबात आली. मी विरुद्ध बाजूची. ओळख पटवायला हवी हे सगळ्यांनाच मान्य होतं. न्यायालयातली एक महिला कर्मचारी तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेली, ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, बाहेर येऊन मान हलवली. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. तिथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. चेहऱ्यावरून खोटं कळतं, माझ्या पक्षकाराचा तो हक्क आहे, असं वीस मिनिटं भांडले. शेवटी न्यायाधीशांनी ज्यांचं काम नव्हतं त्यांना बाहेर पाठवलं आणि तिला नकाब काढायला सांगितलं.

तिनं मागची गाठ सोडली, कापडाची घडी घातली, आणि ती घडी साक्ष संपेपर्यंत मुठीत धरून ठेवली. खालचा ओठ सारखा थरथरत होता. नजर माझ्या टेबलाच्या पायाशी. मी लगेच पकडलं : ‘नजर का चोरताय?’ लेखी युक्तिवादात त्यावर अर्धं पान खर्ची घातलं, आणि तेव्हा ते पान मला फार आवडलं होतं. पुढे हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल आला, सही अस्सल निघाली. बाईचा शब्द न् शब्द खरा होता. परक्या पुरुषांसमोर ती कित्येक वर्षांत पहिल्यांदा उघड्या चेहऱ्यानं उभी होती, आणि त्या थरथरीला मी खोटेपणा म्हटलं.

बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं की चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले होते. खरं की खोटं हे माणसांना सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखता येतं. नाणं उडवलं तर ५०.

तेव्हा ओळख पटवायचा आग्रह जरूर धरा, महिला कर्मचारी मागा, आणि नोंदीत तसं लिहून घ्या. मतदान केंद्र, बँक, विमानतळ, परीक्षेचं सभागृह, सगळीकडे मी एवढंच म्हणेन : कामापुरता चेहरा बघा आणि काम झालं की बाईला वाट मोकळी करा. लहान मुलांना अक्षरओळख शिकवणाऱ्या बाईंचे ओठ मुलांना दिसायला हवेत, तिथे शाळेनं नियम केला तर मी त्या शाळेचा खटला लढवीन. रस्त्यावरच्या बंदीचा लढवणार नाही.

आणि उलटतपासणीला जाताना तारखा, कागद आणि सह्या नीट वाचून जा. त्या दाव्यात साक्षीदाराच्या जबाबात आणि मृत्युपत्राच्या तारखेत एका दिवसाचा फरक होता. ओठाकडे बघण्याच्या नादात तो माझ्याकडून विचारायचाच राहिला.