निर्जळी उपवास, डोकेदुखी आणि चहा

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवसभरात सात-आठ कप चहा होतो आणि रात्री साडेनऊला पेपर तपासायला बसले की मगभर कॉफी लागते. संध्याकाळी छातीत धडधडते, झोप उशिरा लागते. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला तर दुपारपर्यंत डोके असह्य दुखते. घरचे पित्त म्हणतात. गोळी घेतली की थांबते. याचा चहाशी काही संबंध असेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरले असून दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. तुमचा चहा घरच्यासारखा कडक उकळलेला असेल, तर कॉफीचा मग न धरताही ही मर्यादा ओलांडली जाते.

दिवसभराच्या कामाने मेंदूत ॲडिनोसिन नावाचे रसायन साठते आणि त्यामुळे थकवा जाणवतो. कॅफिन त्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, फक्त कळत नाही. शरीरातील निम्मे कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेनऊच्या कॉफीतले निम्मे रात्री अडीचलाही शिल्लक असते. तेव्हा ती कॉफी आधी बंद करा.

आता उपवासाची डोकेदुखी. रोज भरपूर कॅफिन घेणाऱ्याला शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, आणि आदल्या रात्रीनंतर चहा न घेतलेल्या व्यक्तीची दुपार नेमकी याच वेळेत येते. उपाशीपोटी आणि पाण्याविना राहिल्यानेही डोके दुखते हे खरे. पण आपल्याकडे कुठलीही डोकेदुखी पित्ताच्या खात्यावर टाकायची सवय असल्याने चहाकडे कोणी बोट दाखवत नाही. त्या गोळीच्या वेष्टनावरील घटकद्रव्ये वाचून पाहा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर कॅफिनही असते. तुमची गोळी तशी निघाली, तर तिने चहाचीच तलफ भागवली असेल.

चहा एकदम तोडू नका, कारण मग हीच डोकेदुखी, चिडचिड आणि मरगळ आठवडाभरही रेंगाळू शकते. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा आणि दुपारनंतरचे कप आधी वगळा. शिक्षक-खोलीत चहाला नाही म्हणणे अवघड असते, याची कल्पना आहे. तिथे अर्धा कप मागून घ्यावा. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळावा, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही.

हे शेवटचे तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे. रक्तक्षय आणि थायरॉईडचा विकार यांतही अशीच धडधड होते, त्यामुळे सगळा दोष चहाला देऊन मोकळे होऊ नये. हिमोग्लोबिन व थायरॉईडची तपासणी आणि एक ईसीजी करून घ्या. धडधडीबरोबर छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपल्यासारखे झाले, तर चहा कमी करून पाहण्यात दिवस न घालवता त्याच वेळी रुग्णालयात जावे.