मुलाजवळ वाकडला, की बहिणीजवळ कोथरूडला?

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली की जोडपी माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न घेऊन येतात. पुण्यात घर नक्की कुठल्या भागात घ्यायचं? मी समुपदेशक आहे, इस्टेट एजंट नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. तरी येतात, कारण एजंटांकडे हेलपाटे घालून झालेले असतात, ढीगभर फ्लॅट बघून झालेले असतात आणि आता घरात हा विषय निघाला की एक जण उठून आत जातो. त्यातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, वय 58. बँकेत सगळे त्यांना साहेब म्हणतात आणि बायकोही तिसऱ्या माणसाशी बोलताना थोड्या चेष्टेने साहेबच म्हणते, म्हणून इथेही साहेब आणि ताई. नोकरीभर बदल्या झाल्या. गाव कुठलं ते बँकेने ठरवायचं आणि त्या गावात दूधवाला, वाणी, डॉक्टर, मैत्रिणी ताईंनी शोधायच्या. शेवटचं पोस्टिंग पुणे मिळालं. सध्या वानवडीत बँकेने भाड्याने घेऊन दिलेल्या, म्हणजे लीजच्या जागेत राहतात. मुलगा-सून वाकडला, मुलाचं ऑफिस हिंजवडीत. ताईंची मोठी बहीण कोथरूडला.

साहेबांनी आल्या आल्या लॅपटॉप उघडला. एक्सेलची शीट तयार होती: स्क्वेअर फुटाचा दर, कार्पेट, मेंटेनन्स, पार्किंग, हायवेपासूनचं अंतर, क्लबहाउस, पुढे भाव किती वाढेल. बावधन, बाणेर, सिंहगड रस्ता, सहकारनगर, कोथरूड असे सगळे भाग ओळीने होते. वाकडची ओळ हिरवी. मुलाच्याच सोसायटीत, दोन बिल्डिंग सोडून, टू बीएचके. टोकन द्यायचं तेवढं बाकी होतं.

"ताई, तुम्हाला कुठे आवडेल?"

"मला काय, हे म्हणतील तिथे."

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते आलं की पेन खाली ठेवते आणि विषय बदलते. फ्लॅटबद्दल बोलायचं नाही असं ठरवून दोघांना घरचा अभ्यास दिला. एक साधा बुधवार लिहायचा, वय 70 धरून. सण नाही, पाहुणे नाहीत. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत कुठे जाता, कशाने जाता, कोण भेटतं. दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांना दाखवायचं नाही.

पुढच्या भेटीत साहेबांनी बँकेच्या जुन्या डायरीचं पान काढलं. 5.30 उठणे. 6 ते 7 फिरणे. 7.15 चहा, पेपर. 9 आंघोळ, पूजा. 10 नाश्ता. मग 10.30 लिहून एक रेघ, आणि एकदम 1 वाजता जेवण. त्या रेघेवर पेन बराच वेळ टेकून राहिलं असावं, शाईचा ठिपका पसरला होता. संध्याकाळी परत फिरणे आणि बातम्या. अख्ख्या दिवसात दुसऱ्या माणसाचं नाव एकच, मुलाचं, तेही रात्री साडेआठला.

ताईंचा कागद पाठपोट भरलेला होता. सकाळी देवळात, पायी. येताना भाजी, वाटेत बसायला बाक हवा. (गुडघे दुखतात, गाडी चालवता येत नाही.) मंगळवारी भजन, बुधवारी बहिणीकडे, चालत जाता आलं पाहिजे, रिक्षावाल्यांची मनधरणी नको. दुपारी चार वाजता कोणीतरी बेल वाजवतं. आणि समासात आडवं, बारीक अक्षरात, 'हे नसतील तर?' त्याच्याखाली रात्री छातीत दुखलं तर कोणाला हाक मारायची, लिफ्ट बंद पडली तर कितवा मजला जमेल, किल्ली शेजारी ठेवण्याइतकी ओळख कोणाशी असेल.

त्या ओळीवर साहेब चिडले. "अगं, हे काय अशुभ लिहून आणलंस?" ताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, माझ्या आईने शेवटची बारा वर्षं एकटीने काढली. मी बघितलंय ना."

इतके दिवस भांडण वाकड की कोथरूड असं दिसत होतं. प्रत्यक्षात ताई एकटेपणाची तयारी करत होत्या आणि साहेब साडेदहाच्या रेघेपासून पळत होते. मुलाजवळ राहिलं तर त्या वेळात काहीतरी काम मिळेल, नातवंड झालं की त्याला शाळेत सोडणं, त्यांची बिलं भरणं, असा हिशोब त्यांच्या मनात होता. बिल्डरच्या माहितीपत्रकावर फुली मारून हा हिशोब सुटत नाही. ती रेघ वाकडला रिकामी राहते तशी कोथरूडलाही राहते. तिच्यासाठी आम्ही वेगळ्या भेटी घेतल्या, त्याबद्दल पुढे सांगते.

मुलाला आणि सुनेला एकदा बोलावून घेतलं. हे मी आग्रहाने करते. 'मुलाजवळ' ठरवताना मुलाला विचारलेलंच नसतं, असं सर्रास घडतं. मुलगा म्हणाला, "बाबा, दोन वर्षांनी मी इथे असेन की बंगळुरूला, मलाच माहीत नाही. मी गेलो तर तुम्ही वाकडमध्ये काय करणार?" सून जरा थांबली, मग स्पष्ट बोलली. "आई, तुम्ही पुण्यात आलात याचा मला आनंदच आहे. पण समोरासमोर राहिलो तर कोण किती वाजता आलं, काय मागवून खाल्लं, हे दोघींच्याही डोळ्यांवर येईल. अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर असू दे." साहेबांचा चेहरा पडला. ताई मात्र सुनेकडे बघून चक्क हसल्या.

यानंतर भागांबद्दल खरं बोलणं सुरू झालं. कुठला भाग चांगला हे मी सांगत नाही, पण त्या भागाला काय विचारायचं ते सांगते. ज्याला गाडी चालवता येत नाही, ज्याचे गुडघे आधी थकणार आहेत, आणि जो मागे राहण्याची शक्यता जास्त आहे, त्याच्या पायांनी भाग बघायचा. साहेबांची फिरायची टेकडी कुठूनही वीस मिनिटं स्कूटर मारली की येते. ताईंचं देऊळ, वाणी आणि बहीण तसं येत नाही.

पाणी हा पुण्यात दुसरा मोठा प्रश्न. फ्लॅट दाखवणारा 'चोवीस तास पाणी' म्हणतो ते टाकीतलं. टाकीत ते कुठून येतं, हे सोसायटीच्या एप्रिल-मेच्या खर्चात दिसतं. तेव्हा टँकरवर किती खर्च झाला ते सेक्रेटरींना विचारायचं. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे आणि वाकड त्यातच येतं. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली, तिथेही हद्द आधी आली आणि नळ मागून. वॉचमनशी दहा मिनिटं गप्पा मारल्या तरी बरंच कळतं. पावसाळ्यात एक चक्कर मारायचीच. साहेबांच्या यादीत सिंहगड रस्त्याला नदीकडच्या बाजूला एक स्वस्त फ्लॅट होता. 25 जुलै 2024 ला पहाटे खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि त्याच रस्त्यालगतच्या एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं. साहेबांनी फोन केला, "मॅडम, या गोष्टीला माझ्या शीटमध्ये कॉलमच नव्हता." सहकारनगरच्या ओळीसमोरही मग त्यांनी 2019 च्या सप्टेंबरमधल्या आंबिल ओढ्याच्या पुराची नोंद केली.

आता कोथरूड. ते म्हणजे स्वर्ग, असं मी कोणाला वाटू देत नाही. ताईंच्या बहिणीची बिल्डिंग जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. अशा बिल्डिंगा तिथे गल्लोगल्ली रीडेव्हलपमेंटला, म्हणजे पाडून नव्याने बांधायला चालल्या आहेत. पासष्टीत जुना फ्लॅट घ्यायचा आणि सदुसष्टीत बिल्डर भाडं देतो म्हणून सामान बांधून दुसरीकडे राहायला जायचं, ही वेळ बऱ्याच ज्येष्ठांवर आली आहे. काम रखडलं तर विचारायलाच नको. म्हणून जुना फ्लॅट बघताना सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं मागायची, रीडेव्हलपमेंटचा ठराव झाला आहे का, कन्व्हेयन्स झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, ते बघायचं. नवा घ्यायचा तर कोथरूडचा दर साहेबांच्या शीटमध्ये बसत नव्हता. बसवायचा तर फंड आणि ग्रॅच्युइटी सगळीच त्यात घालावी लागली असती. पैशाचा सल्ला देणं माझं काम नाही, पण सगळी पुंजी भिंतींत घालून नंतर रिक्षाच्या पैशांवरून धुसफुसणारी जोडपी माझ्याकडेच येतात.

तोडगा सापडला तो साहेबांच्याच नोकरीत. निवृत्तीपर्यंत बँक लीजची जागा देणार होती, आणि ती वानवडीतच हवी असं थोडंच आहे? ठरलेल्या भाड्यात बसेल अशी जागा साहेबांनी शोधायची, बँक लीज करणार. म्हणजे भाग राहून बघायला दोन वर्षं, तीही बँकेच्या खर्चाने. ज्यांना ही सोय नाही त्यांनाही मी आधी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाड्याच्या करारावर, 11 महिने राहा म्हणते. भाड्याचे पैसे वाया जातात, ही तक्रार ठरलेली. हिशोब उलटा करून बघा. 70 लाखांच्या फ्लॅटला 7 टक्क्यांनी 4 लाख 90 हजार मुद्रांक शुल्क आणि वर 30 हजार नोंदणी. बायकोच्या नावावर घेतला तर शुल्क एक टक्का कमी, तरी रक्कम मोठीच. भाग मानवला नाही तर ती परत मिळत नाही.

कोथरूडला आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, पहिल्या मजल्यावरची, लिफ्ट असलेली जागा मिळाली. साहेब सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलून शिवाजीनगरला बँकेत जातात. गाडी बहुतेक वेळ पार्किंगमध्ये झाकलेली असते. रविवारी चांदणी चौकातून हायवेने वाकड, नाहीतर मुलगा-सून इकडे. पहिले दोन महिने ताईंनाही जड गेले. बहिणीच्या घरी रोज गेलं की बहिणीच्या सुनेला ते फार होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग भजनी मंडळ स्वतःचं शोधलं, बहिणीचं नाही. चारची बेल वाजायला पावसाळा उलटून जावा लागला.

आणि ती साडेदहाची रेघ. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी झुंबड उडते. साहेब रजा टाकून दोन दिवस तिथे बसले आणि मोबाइलवरून लोकांचे दाखले काढून दिले. आता शनिवारी कोणाचं नॉमिनेशन राहिलंय, कोणाला बँकेतून आलेला मेसेज खरा की खोटा ते कळत नाही, अशी माणसं त्यांना विचारायला येतात. भाडेकरू असल्यामुळे सोसायटीच्या कमिटीत त्यांना जाता येत नाही, नाहीतर एव्हाना खजिनदार करून टाकलं असतं. निवृत्त बँकर हाती लागला की पुण्यातल्या सोसायट्या सोडत नाहीत.

फ्लॅट अजून घेतलेला नाही. साहेब मधूनच वाकडचे दर बघतात आणि ताईंना ते माहीत असतं. लीज निवृत्तीच्या महिन्यात संपेल. त्याच्या चार महिने आधी बसून ठरवायचं, असं दोघांनी लिहून ठेवलं आहे. शीटमध्ये आता टँकर, बाक, पहिला मजला आणि 'किल्ली कोणाकडे' असे कॉलम आहेत. 'भविष्यातली वाढ' हा कॉलम साहेबांनी काढलेला नाही, फक्त शेवटी नेला आहे.