बेसमेंटची ओल अन् तिचा खर्च : कॅनडाला निघालेल्या भाचीला

पोरी,

काल महालक्ष्म्यांच्या जेवणाला तू आलीस अन् आंबील वाढता वाढता मला विचारलंस, "आत्या, दिरांनी ब्रॅम्प्टनला घर पाहिलंय. बेसमेंटला थोडी ओल आहे म्हणतात. वॉटरप्रूफिंगला किती येईल?" पंगत बसलेली, मी घाईत म्हणाले, "हजार डॉलरात भागेल, नाहीतर तीस हजारही लागतील." जावयांचा घास हातातच राहिला. तीन एकर वावर विकून तुम्ही डाउन पेमेंट उभं करताय, तेव्हा एवढ्या उत्तरावर तुम्हाला सोडणं मला बरं वाटेना. पाऊस लागलाय, लाईट गेलेली आहे, मोबाईलवर लिहितेय. जावयांना वाचून दाखव.

आधी आकड्यांचं वजन समजून घे. कॅनडाचा डॉलर साठ रुपयांच्या आसपास धरला तर वीस हजार डॉलर म्हणजे बारा लाख. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये क्विंटल होता. म्हणजे दीडशे क्विंटलच्या वर कापूस. आपल्या कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल धर, पंचवीस-तीस एकरांची अख्खी पऱ्हाटी तिथल्या एका तळघराच्या भिंतीत जाते. तिथे राहून पगार डॉलरमध्ये मिळतो हे खरं, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत हातात तेवढे नसतात.

तिथे बहुतेक घरांखाली तळघर असतं, त्याचं कारण थंडी. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओच्या दक्षिण भागात हिवाळ्यात जमीन चारेक फुटांपर्यंत गोठते, अन् गोठलेली जमीन फुगून पाया उचलते. म्हणून पाया त्याच्या खाली न्यावा लागतो. एवढं खोदायचंच तर मग पूर्ण खोलीच करतात. म्हणजे तुझी भिंत सात-आठ फूट मातीत उभी असते, आपल्या विहिरीच्या बांधकामासारखी, फक्त पाणी बाहेर ठेवायचं असतं. बऱ्याच भागांत माती चिकण आहे. पाणी लागलं की फुगते, उन्हाळ्यात आवळते. आपल्या काळ्या मातीत घर बांधताना मुरूम लागेपर्यंत का खोदतात, हे तुला कोणी समजवायला नको. तीच ओढाताण तिथे भिंतीला सोसावी लागते.

आता खर्च. हे आकडे मी ऐकलेल्या आणि हातात आलेल्या कोटेशनचे आहेत, कमी-जास्त होतील. ओतीव काँक्रीटच्या भिंतीला एखादी उभी भेग असेल तर आतून त्यात इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे भेग बुजवणारं रसायन, भरतात. भेगेमागे पाचशे ते हजार डॉलर, काम अर्ध्या दिवसाचं. त्याच्या वरची पायरी म्हणजे आतली ड्रेनेज. भिंतीच्या कडेने काँक्रीटची जमीन फोडतात, चर काढतात, त्यात भोकं पाडलेला पाईप अन् गिट्टी घालतात. ते पाणी एका खड्ड्यात येतं आणि तिथला पंप ते बाहेर फेकतो. त्या खड्ड्याला संप म्हणतात. हे काम फुटावर मोजतात, फुटाला सत्तर ते सव्वाशे. नीट लक्षात घे, यात भिंतीतून पाणी येणं थांबत नाही. आलेलं पाणी गोळा करून काढून देतात, एवढंच.

सगळ्यात महाग म्हणजे बाहेरून. पायापर्यंत खोदायचं, भिंत धुऊन पुसून भेगा बुजवायच्या, वर रबरासारखा थर द्यायचा, त्यावर डिंपल बोर्ड नावाचा उठावांचा प्लास्टिक पडदा लावायचा, तळाशी नवा पाईप आणि गिट्टी टाकून परत बुजवायचं. फुटाला दीडशे ते तीनशे. भिंतीला लागून डेक, झाड किंवा सिमेंटचा रस्ता असेल तर त्याहून जास्त. घराचा घेर १२० फूट धर. आतून फुटाला नव्वद म्हटलं तर १०,८००. बाहेरून दोनशे म्हटलं तर २४,०००. कोटेशनमध्ये बहुतेक वेळा टॅक्स धरलेला नसतो. ओंटारिओचा एचएसटी (विक्रीवरचा टॅक्स) १३ टक्के, म्हणजे पहिलं १२,२०४ होतं अन् दुसरं २७,१२०. पण चारही बाजूंची गरज क्वचित असते, अन् मला खरं सांगायचंय ते हेच.

आम्ही २०१२ ला ब्रॅम्प्टनशेजारच्या मिसिसॉगाला घर घेतलं. पुढच्याच वर्षी, ८ जुलै २०१३ ला, असा पाऊस झाला की टोरोंटोच्या पिअरसन विमानतळावर एका संध्याकाळी १२६ मिलिमीटर नोंदला. आमच्या तळघरात घोट्याएवढं पाणी. कार्पेट, दोन गाद्या अन् तुझ्या आजीने दिलेली गोधडी गेली. तिसऱ्या दिवशी एका कंपनीचा माणूस आला. ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं, लाल दिवा दाखवला, सगळ्या घेराची आतली ड्रेनेज सांगितली, १८,४०० डॉलर. "आज सही केली तर दोन हजार कमी." आम्ही घाबरलेले होतो. सही केली, दोन हजारांचा चेक दिला.

तुझ्या काकांच्या कामावर एक पोर्तुगीज गवंडी होते, निवृत्तीला आलेले. ते रविवारी आले. त्यांनी यंत्र काढलं नाही, बागेची नळी मागितली. मला टॉर्च देऊन खाली बसवलं अन् वर एकेका बाजूला भिंतीलगत पाणी सोडत गेले, प्रत्येक जागी वीस मिनिटं. तीन बाजू कोरड्या. चौथ्या कोपऱ्यावर, जिथे छपराचा पन्हाळी पाईप उतरतो तिथे, पाणी सोडलं. पंधरा मिनिटांनी भिंतीवर केसाएवढी एक रेघ काळी पडायला लागली. वरून खाली, सावकाश, घामाची धार उतरावी तशी. खाली जमिनीला टेकली अन् तिथे थेंब जमला. मी ओरडले, "सापडलं!" बाहेर पाहिलं तर पाईपचं खालचं वळण निघून पडलेलं. अख्ख्या अर्ध्या छपराचं पाणी त्या एका कोपऱ्यात मुरत होतं, अन् माती बसून उतार घराकडेच झालेला.

तिथे घरी येऊन केलेला असा करार दहा दिवसांच्या आत विनाकारण रद्द करता येतो, हा ओंटारिओचा ग्राहक कायदा आहे. आम्ही सहाव्या दिवशी लेखी कळवलं. चेकचे पैसे मिळायला तीन आठवडे अन् बरेच फोन लागले, पण मिळाले. मग तीस डॉलरचे दोन लांब पाईप लावून पाणी सहा फूट पुढे सोडलं, अडीचशेची माती आणून आम्ही दोघांनी उतार बाहेरच्या बाजूला केला, अन् साडेसहाशेत ती भेग भरली. टॅक्स धरून हजार-अकराशे. १६ जुलै २०२४ ला पिअरसनला ९८ मिलिमीटरच्या जवळपास पडला, तेव्हा मी टॉर्च घेऊन त्याच कोपऱ्यात जाऊन बसले होते. कोरडं ठाक.

तुझे पणजोबा ज्वारीचं पेव गावठाणाच्या उंच पांढरीत खोदायचे, काळीत कधी नाही, अन् त्याच्या तोंडाभोवती माती चढवून पाणी लांब काढायचे. आत्ता इथे ओट्यावरून मला दिसतंय, टिनाच्या पागोळ्या पडतात तिथे बाबांनी फरशीचे तुकडे बसवून नाली काढलेली आहे, जोत्यापासून हातभर दूर. तिथे गेल्यावर हे सगळं मी विसरले होते. यंत्रावरचा लाल दिवा पाहिला अन् घरची नाली आठवली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण मोठा खर्च कधी खरंच लागतो, तेही सांगते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हॅमिल्टनला जुनं घर घेतलं, पोकळ ब्लॉकच्या भिंतीचं. ब्लॉकमध्ये पाणी आतल्या आत भरतं अन् कुठूनही निघतं, तिथे एक भेग भरून काही होत नाही. पायालगतचे जुने मातीचे पाईपही गाळाने बुजलेले. त्यांनी दोन बाजू, साठ फूट, बाहेरून करून घेतल्या. साडेतेरा हजार अन् वर टॅक्स. तो खर्च योग्य होता. आणि ब्लॉकच्या भिंतीला मधोमध आडवी भेग असेल, भिंत आत फुगलेली वाटत असेल, तर तो ओलीचा विषय राहत नाही, माती भिंत ढकलतेय. तिथे कंपनीला नको, स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पाचसहाशे घेतो, पण त्याला पाईप विकायचा नसतो.

अजून एक फरक. भिंतीतून येणारं पाणी वेगळं, अन् गटार तुंबून जमिनीतल्या जाळीतून उलटं येणारं वेगळं. दुसऱ्यासाठी बॅकवॉटर व्हॉल्व्ह, म्हणजे उलटं येणारं पाणी अडवणारी झडप, बसवतात, दीड ते तीन हजारांत. टोरोंटोसारख्या शहरांची पालिका त्याला अन् संप पंपाला अनुदान देते, अटी असतात, म्हणून काम सुरू करण्याआधी पालिकेत विचारायचं. पंप घेतला तर बॅटरीचा जोडपंप घ्याच, हजारेक डॉलर जातात. वादळात लाईट जाते, अन् पंप लागतो तोही वादळातच. इन्शुरन्सच्या साध्या पॉलिसीत गटाराचं उलटं पाणी अन् रस्त्यावरून शिरलेलं पाणी धरलेलं नसतं, दोन्ही वेगळे मागून जोडून घ्यावे लागतात. भिंतीतून हळूहळू झिरपलेल्याचे पैसे सहसा कोणी देत नाही.

आता दिरांनी पाठवलेल्या घराबद्दल. फोटो मी नीट पाहिले. बेसमेंटच्या मागच्या भिंतीला खालचे दोनच फूट नवा रंग आहे. वरचा जुना. मला ते आवडलं नाही. दिरांना सांग, पाऊस पडत असताना किंवा पडून गेल्यावर लगेच जा. दार उघडल्याबरोबर कुबट वास येतो का बघा. भिंतीला लोणा लागलाय का, आपल्या मारुतीच्या देवळामागच्या भिंतीला लागतो तसा पांढरा, बोटाला भुकटी येणारा. घर गरम करणाऱ्या भट्टीचे पाय अन् कार्पेटच्या कडेचे खिळे गंजलेत का. कोपऱ्यात डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं मशीन, सतत चालू ठेवलाय का. मग बाहेर जाऊन सगळे पन्हाळी पाईप कुठे सोडलेत ते पायी फिरून पाहा. खिडक्यांपुढच्या खड्ड्यांत पाला साचलाय का तेही. दिसलेल्या ओलीच्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवता आला तर ठेवा. पाणी प्लास्टिकच्या मागच्या अंगाला जमलं तर भिंतीतून येतंय, खोलीकडच्या अंगाला जमलं तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे अन् तीनशे डॉलरच्या त्या मशीनने भागेल.

ऑफर देताना इन्स्पेक्शनची, म्हणजे घर जाणकाराकडून तपासून घेण्याची, अट काढू नका, एजंट कितीही घाई करो. आधी वॉटरप्रूफिंग झालं असेल तर बिल मागा अन् वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते लेखी घ्या. नवं कोरं घर असतं तर बेसमेंटमधून पाणी येण्यावर दोन वर्षांची टॅरिऑन वॉरंटी (ओंटारिओत नव्या घरांना मिळते ती) मिळाली असती. हे घर जुनं आहे, तो आधार नाही.

जावई म्हणाले, बेसमेंट भाड्याने देऊन हप्त्याला हातभार लावू. लावा, पण नोंदणी करून अन् ओल पूर्ण गेल्यावर. भिंतीवर नवं ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे) ठोकून आत बुरशी ठेवायची अन् त्यात आपल्याच गावाकडची शिकायला आलेली पोरं झोपवायची, हे आपल्याकडून होता कामा नये. मीही पहिलं वर्ष अशाच खोलीत काढलंय. खोकला मार्चपर्यंत गेला नव्हता.

मी सव्वीस तारखेला परत पोचते. ऑफर त्याआधी द्यायची नाही असं दिरांना कळव. रविवारी मी स्वतः ते घर बघायला जाते, नळी अन् टॉर्च घेऊन. विक्रेत्याने अर्धा तास पाणी सोडू दिलं तर रात्रीच तुला व्हिडिओ पाठवते. नाही म्हणाला, तर दुसरं घर शोधू.

— आत्या