मुलांना घेऊन मुंबईदर्शन: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

दोन-तीन कुटुंबं आणि लहान मुलं असतील तर दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा. राणीची बाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) बुधवारी बंद असते आणि रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा उशिरा) असतो, म्हणून शनिवार बरा. सकाळी साडेनऊलाच पोहोचा आणि आधी पेंग्विन कक्ष गाठा. नंतर गर्दी तिकडेच वळते आणि मुलं रांगेत रडकुंडीला येतात. भायखळा स्टेशनवर उतरा, पूर्वेला बाहेर पडा.

दुपारी जेवून टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया. काळ्या-पिवळीत चारच जण मावतात, कोण कुणाबरोबर बसणार ते आधीच ठरवा. तिथून घारापुरीच्या (एलिफंटा) लेण्यांचा मोह मात्र टाळाच: लाँचने जायलाच तास लागतो, वर शंभराहून जास्त पायऱ्या.

प्रत्येक मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी हवी. मुलं मोजायचं काम एकाच मोठ्या माणसाकडे द्या, दर तासाला माणूस बदला.